वीजकेंद्राच्या गरम पाण्यातली बारमाही मासेमारी: आपल्या खाडीत असं काही असतं का?

गरवणारा_मुलुंड (शनिवार, रात्री १०:४०)

मंडळी, भाचा इलिनॉयला असतो. परवा त्याने व्हिडिओ कॉल लावला. बाहेर उणे १२, झाडं खराट्यासारखी, सगळीकडे बर्फ, आणि हा पठ्ठ्या तलावाच्या काठी उभा राहून गरवतोय! मागे पाण्यातून वाफा निघतायत, जणू कुणी बंब पेटवून ठेवलाय. दोन तासांत त्याने तीन हायब्रिड स्ट्राइप्ड बास काढले. आजूबाजूची सगळी तळी गोठलेली, फक्त हे एक मोकळं. म्हणून झाडून सगळी बदकं इथे, आणि बदकांवर नि माशांवर डोळा ठेवून बाल्ड ईगल झाडावर बसलेले.

तलावाचं नाव क्लिंटन लेक. तिथल्या अणुवीज केंद्राला थंड पाणी हवं म्हणून धरण बांधून मुद्दाम केलेला. सुमारे पाच हजार एकर, म्हणजे आपल्या पवईच्या आठ-दहा पट.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आपल्याकडे ट्रॉम्ब्याचं वीजकेंद्र थेट खाडीवर आहे. वाशीच्या पुलावरून जाताना चिमण्या रोज दिसतात. त्याचंही गरम पाणी खाडीतच जात असणार ना? मग तिथे मासे गोळा होतात का? आणि एका मित्राचं ठाम मत आहे की फ्लेमिंगोसुद्धा त्या कोमट पाण्यासाठीच येतात. खरं का?

मी स्वतः मढ-गोराईला गरवतो. खाडीच्या या बाजूचा अनुभव शून्य. जाणकारांनी लिहावं.

हौशी_बल्लव (शनिवार, रात्री ११:०२)

गरम पाण्यातले मासे म्हणजे अर्धा रस्सा तयारच. फक्त कोकम आणि तिरफळं टाकायची.

पाणकावळा (शनिवार, रात्री ११:१५)

जागा राखून ठेवतो. फ्लेमिंगोंवर उद्या सविस्तर लिहीन, तोवर मित्राला धीर धरायला सांगा.

निवृत्त_बॉयलर (रविवार, सकाळी ७:२०)

आयुष्याची एकतीस वर्षं औष्णिक केंद्रांत काढली (कुठल्या ते विचारू नका, पेन्शन सुखाने खातोय). तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे.

लोकांना वाटतं वीजकेंद्र म्हणजे चिमणी आणि धूर. खरा पसारा पाण्याचा असतो. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, आणि मग त्याच वाफेचं परत पाणी करायचं. ते होतं कंडेन्सरमध्ये. हजारो नळ्या, नळ्यांच्या आत थंड पाणी, बाहेर वाफ. वाफेची सगळी सुप्त उष्णता ते थंड पाणी घेऊन जातं.

हिशोब बघा. ५०० मेगावॉटचं युनिट, कार्यक्षमता ३८ टक्क्यांच्या आसपास धरली तर जवळपास १३०० मेगावॉट उष्णता कोळशातून येते. त्यातली ५०० वीज झाली, थोडी चिमणीतून गेली, आणि ६५०-७०० कंडेन्सरच्या पाण्यात. विजेपेक्षा जास्त ऊर्जा आपण पाणी कोमट करण्यात घालवतो! हे पाणी १० अंशांनी तापवायचं म्हटलं तर सेकंदाला सोळा-सतरा हजार लिटर लागतं. सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे दीड टँकर, दर सेकंदाला, दिवसरात्र.

इतकं पाणी आणायचं कुठून आणि तापल्यावर टाकायचं कुठे, याचे तीन मार्ग. एक, समुद्रातून वा नदीतून घ्यायचं आणि एकदाच वापरून परत सोडायचं. ट्रॉम्बे, डहाणू, तारापूर यांचं पाणी असंच समुद्राचं. दोन, कूलिंग टॉवर, ते डमरूच्या आकाराचे भलेमोठे. तीन, तलाव. एका टोकाने गरम पाणी सोडायचं, वळसे घालत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ते वाऱ्याने नि बाष्पीभवनाने निवतं, मग परत आत. भाचा उभा आहे तो या तिसऱ्या प्रकाराच्या काठावर.

भारतात असे तलाव फार का नाहीत? जमीन लागते हे एक. दुसरं, १ जून १९९९ नंतर सुरू झालेल्या औष्णिक केंद्रांना नदी, तलाव किंवा धरणाचं पाणी वापरायचं असेल तर कूलिंग टॉवर सक्तीचा आहे. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांना मुभा आहे, पण जिथे सोडाल तिथल्या पाण्याचं तापमान ७ अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. जुन्या केंद्रांना कंडेन्सरच्या आत-बाहेर १० अंशांची मर्यादा.

ट्रॉम्ब्याचं सांगायचं तर देशातलं पहिलं ५०० मेगावॉटचं युनिट तिथेच सुरू झालं, १९८४ साली. आमच्या पिढीच्या इंजिनियरांसाठी ते पंढरपूर होतं.

गरवणारा_मुलुंड (रविवार, सकाळी ८:०५)

काका, दंडवत. दीड टँकर दर सेकंदाला वाचून बायकोला हाक मारून दाखवलं. आमच्याकडे पाणी सकाळी चाळीस मिनिटं येतं.

पण म्हणजे गरम पाणी येतंय हे नक्की. मग मासे?

निवृत्त_बॉयलर (रविवार, सकाळी ८:४०)

माशांबद्दल मला एवढंच माहीत की ते आमच्या जाळीत अडकायचे. पाणी आत घेताना मोठ्या फिरत्या जाळ्या असतात, कचरा अडवायला. पावसाळ्यात प्लास्टिक, एरवी लहान मासळी, कोळंबीची पिल्लं, आणि एखाद्या रात्री जेलीफिश. जेलीफिशचा लोंढा आला की जाळी बुजते, पाणी कमी पडतं, युनिट खाली आणावं लागतं. माझी पुऱ्या नोकरीतली सगळ्यात वाईट रात्रपाळी त्या लिबलिबीत गोळ्यांमुळे झाली.

आणखी एक, जे गळवाल्यांना कुणी सांगत नाही. त्या पाण्यात क्लोरीन घालतात. नाहीतर नळ्यांत शिंपले, कालवं, शेवाळ घर करतात. बाहेर सोडताना क्लोरीन लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत ठेवावा लागतो, पण जाळीतून निसटून आत गेलेली बारीक अंडी-पिल्लं गरम पाणी आणि क्लोरीन दोन्ही खाऊन बाहेर पडतात. ती सगळी जगत नाहीत.

ट्रॉम्ब्याची_सून (रविवार, दुपारी ३:१०)

सगळं आवरून आता बसले. माझं सासर ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यात, सासरे सत्तरी पार, डोल (खुंटांना बांधून लावायचं जाळं) लावत होते. त्यांना धागा वाचून दाखवला. ‘बारमाही मासेमारी’ ऐकून ते पोट धरून हसले.

त्यांचं म्हणणं असं. अमेरिकेत मासेमारी थांबते ती पाणी गोठतं म्हणून. आपल्याकडे खाडी कधी गोठली? आमची खाडी मुळातच बारमाही. जाळं थांबतं ते पावसामुळे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, ती मासळीच्या विणीसाठी. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की दर्या उघडतो. पण त्या दोन महिन्यांतही खाडीकाठची माणसं पाग टाकतात, चिंबोऱ्या धरतात, आणि पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात जिताडा लागला तर घरात दिवाळी. तिकडे कोमट पाणी म्हणजे लॉटरी, इकडे कोमटाचं काय कौतुक?

आता गरम पाण्याचं. ते म्हणाले, पौष-माघात पहाटे पाणी जरा गार असतं तेव्हा गरम पाणी सुटतं त्या तोंडाशी बोय उड्या मारताना दिसायची. पण ती उबेसाठी नाही, प्रवाहासाठी. वाहतं पाणी असलं की चारा वाहून येतो, बोय येते, बोयीमागे जिताडा येतो. पुलाच्या खांबाशी, गटाराच्या तोंडाशी, स्लूस गेटला, सगळीकडे तेच. आणि चैत्र-वैशाखात? त्यांचेच शब्द: “पानी तापला का मावरा पलाला.” खोल चॅनेलला जातं. तेव्हा तोंडाशी राहतात फक्त निवट्या आणि शिंगाळ्या, त्यांना कशाचंच काही वाटत नाही.

आणि दादा, तिकडे जायचं मनात आणू नका. एका बाजूला वीजकेंद्र, शेजारी तेल शुद्धीकरण, पुढे अणुसंशोधन केंद्र. २००८ नंतर तर फारच कडक. आमच्या होड्यांनाही ठरावीक अंतर ठेवून जावं लागतं, जिथे सासऱ्यांचे वडील डोलीचे खुंट मारायचे तिथे आता नुसतं लांबून बघायचं.

चेंबूरचा_चिकित्सक (रविवार, दुपारी ४:००)

ताई, सासऱ्यांचं म्हणणं मान्य, पण माणसाला आठवतं ते सोयीचं आठवतं. मासे कमी झाले ते गरम पाण्याने की सांडपाण्याने की भरावाने, हे नुसतं बघून कसं कळणार?

ट्रॉम्ब्याची_सून (रविवार, दुपारी ४:२५)

ते कुठे म्हणाले गरम पाण्याने कमी झाले? उलट त्यांच्या यादीत ते सगळ्यात शेवटी आहे. पहिला गाळ, मग प्लास्टिक, मग तेलाचा वास. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात खाडीची बोय शिजवली आणि घरभर रॉकेलचा वास सुटला. मला वाटलं स्टोव्ह गळतोय. कुणाचं तेल, ते लिहीत नाही, आम्हालाही कुणी सांगितलं नाही. सासूबाई तेव्हापासून खाडीची मासळी आधी चिंचेच्या पाण्यात ठेवतात. वास जातो. बाकीचं काय जातं नि काय राहतं देव जाणे.

पाणकावळा (रविवार, रात्री ९:३०)

आता फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी. मित्राला सांगा, पैज हरलास.

रोहित येतात ते चिखलासाठी. ठाण्याची खाडी लांबट, उथळ, वरच्या अंगाला बंद. गाळ साचत राहतो, ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो. आपल्याकडे जास्त संख्येने येणारा छोटा रोहित मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ आणि सूक्ष्म डायाटम खातो. चोच उलटी करून पाणी गाळतो, त्याच्या चोचीतच चाळणी असते. मोठा रोहित कोळंबीसारखे बारीक जीव, किडे, गोगलगायी घेतो. शेवाळ माजायला खत लागतं आणि ते खत आपण, म्हणजे मुंबई-ठाणे-नवी मुंबईची दीड-दोन कोटी जनता, संडासाची साखळी ओढून रोज पुरवतो. गुलाबी रंग त्याच शेवाळातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. ज्या खाडीला आपण नाक दाबतो तिचंच ते गुलाबी रूप.

कोमट पाण्याचं कारण असतं तर ते केंद्राच्या तोंडाशी गर्दी करून बसले असते. प्रत्यक्षात ते शिवडीला असतात, ऐरोली-भांडुपच्या बाजूला असतात, नवी मुंबईतल्या तळ्यांवर असतात. भरतीला चिखल बुडाला की तळ्यांवर, ओहोटीला परत चिखलावर. त्यांचं घड्याळ भरती-ओहोटीचं, तापमापकाचं नाही. खाडीचा ठाण्याकडचा सुमारे १६९० हेक्टर भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला.

चेंबूरचा_चिकित्सक (रविवार, रात्री ९:५०)

मग बरोबर थंडीतच का येतात? नोव्हेंबर-डिसेंबरला येतात, मे संपता संपता जातात. उबेचा संबंध नाही म्हणता, मग हे काय?

पाणकावळा (रविवार, रात्री १०:१०)

गुजरातेत, विशेषतः कच्छच्या रणात, पावसाचं पाणी साचतं तेव्हा त्यांची वीण होते. ते उथळ पाणी पुढे आटत गेलं की खाण्याच्या शोधात इकडे. पाऊस लागला की परत. आणि थंडीचंच म्हणाल तर ते सर्वात मोठ्या संख्येने दिसतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर, जेव्हा तुम्ही-आम्ही एसी लावून बसतो.

अटलांटा_ते_अंबरनाथ (सोमवार, सकाळी ६:१५)

अकरा वर्षं तिकडे काढून परत आलोय, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. भाच्याचा आनंद खोटा नाही. थंड देशात हे तलाव म्हणजे सोन्याची खाण. कोमट पाण्यात मासा हिवाळाभर खातो, वाढतो. बास लवकर मोठा होतो, विणीचा हंगाम अलीकडे सरकतो.

आणि मासेच कशाला, फ्लोरिडाचे मॅनाटी (समुद्रगायी) बघा, आपल्या डुगाँगचे लांबचे भाऊबंद. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की त्यांना सोसत नाही. टँपाजवळ अपोलो बीचला एका वीजकेंद्राच्या गरम पाण्याच्या कालव्यात थंडीत मॅनाटींची जत्रा भरते. १९८६ पासून लोकांना बघायला सज्जा बांधलाय, मी मुलांना घेऊन गेलो होतो. राखाडी बटाट्यांचं पोतं सांडल्यासारखे पडलेले असतात, अधूनमधून एक नाकपुडी वर येते. मायामीच्या दक्षिणेला टर्की पॉइंटच्या अणुकेंद्राच्या कालव्यांत तर अमेरिकन मगरींनी घरटी केली. कालवे खणताना बाजूला टाकलेल्या मातीचे बांध त्यांना अंडी घालायला आवडले. २००७ मध्ये फ्लोरिडातल्या या मगरीचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली आणला गेला, त्यात या कालव्यांचा हातभार होता.

पण याला एक मेख आहे. भर हिवाळ्यात केंद्र अचानक बंद पडलं तर? पाणी काही तासांत गार होतं आणि उबेला सोकावलेले मासे पटापट मरतात. तिकडे त्याला ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. जुनी केंद्रं बंद होतायत तेव्हा मॅनाटींचं काय करायचं हा तिकडे खरोखरचा सरकारी प्रश्न आहे. पिढ्यान्‌पिढ्या आईने पिल्लाला हीच जागा दाखवलेली असते.

उन्हाळ्यात उलटं. १९९९ च्या जुलैमध्ये इलिनॉयमधल्याच न्यूटन लेकमध्ये उष्णतेच्या लाटेत मासे मोठ्या प्रमाणावर मेले. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ च्या आसपास. आणि नेमकी तेव्हाच माशाची भूक वाढलेली, श्वासाची गरज वाढलेली.

निवृत्त_बॉयलर (सोमवार, सकाळी ७:०५)

+१. आणि हेच आपल्या खाडीला लावा. मुंबईचं समुद्राचं पाणी जानेवारीत २४-२५ अंश, मे महिन्यात ३० च्या घरात. खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, त्यात सांडपाणी. त्यावर आणखी पाच-सात अंश चढवले तर मासा पळणार नाही तर काय आरती करील? इलिनॉयमध्ये शून्याचे दहा होतात, आपल्याकडे तिसाचे सदतीस. सूनबाईंच्या सासऱ्यांनी एका ओळीत सांगितलं ते सांगायला मला पाच परिच्छेद लागले.

हौशी_बल्लव (सोमवार, सकाळी ९:३०)

वरचे प्रतिसाद वाचून एक गंभीर प्रश्न. असले मासे खावेत का?

अटलांटा_ते_अंबरनाथ (सोमवार, सकाळी ११:४०)

निव्वळ गरम पाण्याने मासा विषारी होत नाही. भीती राखेची. नॉर्थ कॅरोलायनात बेल्यूज लेक म्हणून असाच कूलिंग तलाव आहे. १९७० च्या दशकात कोळशाच्या राखेच्या तळ्यातलं पाणी त्यात सोडलं जायचं, त्यातून सेलेनियम आलं. मोठे मासे दिसायला ठणठणीत, पण पिल्लं वाकड्या कण्याची, किंवा पिल्लंच नाहीत. काही वर्षांत तलावातल्या बहुतेक जाती नाहीशा झाल्या. राख सोडणं थांबवल्यावरसुद्धा गाळातलं सेलेनियम वर्षानुवर्षं अन्नसाखळीत फिरत राहिलं. काठावर उभ्या माणसाला काहीही कळलं नसतं. पाणी स्वच्छ, मासा चकचकीत.

भाच्याचा तलाव अणुकेंद्राचा आहे, तिथे राखेचा प्रश्न नाही. पण तिकडे प्रत्येक राज्य कुठल्या पाण्यातला कुठला मासा महिन्यात किती वेळा खावा याची यादी छापतं. त्याला ती बघायला सांगा.

मीठागर (सोमवार, दुपारी १:१५)

अवांतर: पवईला अँगलिंग असोसिएशनचं सभासदत्व घ्या की. गोडं पाणी, रोहू-कटला, आणि मगर फुकट बघायला. फक्त चिलापीचा उच्छाद आहे. गळ टाकला की चिलापी, आमिष बदललं की चिलापी.

गरवणारा_मुलुंड (पुढचा रविवार, दुपारी २:३०)

अहवाल सादर करतो. सकाळी ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायच्या होडीत बसलो. सोबत मुलाच्या फिशटँकचा तापमापक, दोरीला बांधलेला. होडीवाल्या दादांनी विचारलं, “पाण्याला ताप आलाय का?” साडेसातला पाणी साडेचोवीस अंश. अंगात स्वेटर होता, हात बुडवला तर पाणी हवेपेक्षा उबदार लागलं! म्हणजे वीजकेंद्रापासून इतक्या लांब, कुणी काही न तापवता, आमची खाडी भाच्याच्या तलावापेक्षा गरमच. तो फोटो त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “मामा, तू आख्ख्या वर्षभर गरवू शकतोस आणि मला विचारतोस?”

रोहित पुष्कळ दिसले. शिवाय शेराटी, पाणटिवळे, एक कैकर मासा पायात धरून चाललेला. त्याच्या पायातली बोय बघून मात्र हात शिवशिवले. अभयारण्यात गळ काढता येत नाही, नाहीतर…

सूनताई, सासऱ्यांना विचाराल का? पुढच्या शनिवारी सुट्टी आहे. तुमच्या बाजूला जिथे परवानगी आहे तिथून पहाटे गरवलं तर जिताड्याची काही आशा?

ट्रॉम्ब्याची_सून (त्याच दिवशी, सायंकाळी ६:५०)

विचारलं. त्यांनी आधी कॅलेंडर मागवलं. शनिवारी अष्टमी आहे, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाण्याला चालच नसते, नुसते डास चावतील म्हणाले. अमावस्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या, उधाणाचं पाणी उतरायला लागलं की तासभर. आमिषाला जिवंत कोळंबी आणा, बाजारातली बर्फातली नको. आणि तो तापमापक घरी ठेवा, असं त्यांनी दोनदा सांगितलंय.